ओढायचं नाही

गंगावऱ्ह्याच्या काठाला, पहाटे पावणेपाचला
थर्माकोलच्या तराफ्यावर आम्ही दोघं.
हौशीरामकाका पुढं, मी वल्ह्याला,
मध्ये द्राक्षांचं जुनं क्रेट,
त्यात सहा चिलापी, एक मरळ.

सत्तावीस गळ ओढून झाले.
अठ्ठाविसावा आला तो पाणी ढवळत,
मनगटाएवढी जाड, पिवळट ठिपक्यांची,
स्वतःच्याच दोरीला गाठ मारणारी.
मी म्हणालो, साप.
काका म्हणाला, अहीर. हात मागं घे.

मी घेतला नाही.
बाजारात हिचा भाव मला पाठ होता.
काकानं पालथ्या मुठीनं माझं मनगट
तराफ्यावर दाबून धरलं.

त्याच्या त्या हाताला साडेतीन बोटं.
गावात त्याच्या दोन कथा आहेत,
एक कडबाकुट्टीची, एक पंपाच्या पट्ट्याची.
तिसरी बायका सांगतात, ती मी सांगत नाही.
खरी त्यानं त्या पहाटे सांगितली,
तीही गोणपाट भिजवता भिजवता.

हर्णैच्या बोटीवर तीन हंगाम खलाशी होतो.
नाशिकचा म्हणून हसायचे,
ह्याच्या समुद्राला सांडवा असतो म्हणायचे.
किनारा दिसेनासा झाल्यावर, खडपाच्या माथ्यावर
आली एक गळाला. खडकवाम म्हणायचे तिला तिथं.
तिच्यासाठी कुणी गळ टाकलाच नव्हता.
तोंड वासलेलं, मिटेना.
मला वाटलं रागावली.
राग कसला, श्वास घेत होती.

आणि मी गळ वाचवायला गेलो.
चार रुपयांचा गळ.

घशात तिच्या दुसरा जबडा असतो, बाळा.
पहिला धरतो, दुसरा आत नेतो.
दात सगळे आतल्या बाजूला झुकलेले,
यायला वाट, जायला नाही.
तरी ती चावली ते थोडंच.
बोट गेलं माझ्या हिसक्यानं.
तांडेल ओरडत होता, ओढू नको, हात पाण्यात सोड,
ती सोडेल. सोडली असती,
किंवा नसती.
पण ओढलं मी.

एवढं बोलून तो गप्प झाला
आणि काम करू लागला.
ओलं गोणपाट तिच्या डोक्यावरून नुसतं टाकलं,
आवळलं नाही.
अंधार झाला की ह्यांना बीळ आठवतं, म्हणाला.
खरंच वळवळ मंदावली.
पाय क्रेटवर ठेवायला लावले मला, अनवाणी होतो म्हणून.
गळ किती आत गेलाय ते बघायला वाकलो
तर टपली बसली.
दोरी तोंडाजवळ, पण बोटांपासून दूर,
विळीनं एकदाच कापली.
मग तराफ्याची कड पाण्यात दाबली
आणि गोणपाटाचं एक टोक उचललं.
ती आपणच उतरली,
घाई न करता,
पायरी माहीत असलेल्या माणसासारखी.

गळ घेऊन जगेल?
गंजेल तो. बहुतेक जगेल.
आणि जाईल कुठं?
अंडी घालायला समुद्रात जाते ही जात, काका म्हणाला.
मी मावळतीच्या समुद्राला गेलो, एसटीनं, एका रात्रीत.
हिला मात्र गंगेबरोबर उगवतीला जायचंय,
पार दुसऱ्या टोकाला.
मध्ये किती धरणं, ते तिला कुणी सांगितलेलं नाही.

तेवढ्यात सांडव्याकडून दिवस फुटला.
मी क्रेटकडं पाहिलं, मनात किलोचा हिशेब चाललेला,
आठशे तरी आले असते, कदाचित हजार.
काकानं साडेतीन बोटांनी तंबाखू मळली,
उरलेली दोरी गुंडाळली,
आणि सोसायटीच्या वहीत त्या दिवशी लिहिलं,
गळ अठ्ठावीस, परत सत्तावीस.
कारणाच्या रकान्यात फक्त रेघ.